घरटं कावळ्याचं, टोमणा कोकिळेला

एप्रिल-मे महिन्यात पुण्यात राहणाऱ्याला अलार्म लावायची गरज नसते. पहाटे साडेचारला खिडकीबाहेरच्या झाडावर एक महाशय सुरू होतात. कुहू... कुहू... कुहूऽऽ! प्रत्येक वेळी पट्टी आधीपेक्षा वर. आदल्या रात्री यूएसच्या क्लायंटबरोबर दीड वाजेपर्यंत कॉल चाललेला असेल, तर वसंत ऋतूबद्दलचं आपलं सगळं काव्य तिथल्या तिथे संपतं.

'महाशय' मुद्दाम म्हटलं. कारण हा जो काही कार्यक्रम चालतो, तो नराचा. काळा कुळकुळीत, डोळे लालभडक, तोच कोकीळ. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, आणि आवाज म्हणाल तर 'किक् किक् किक्'. ती 'कुहू' करतच नाही. तरीही आपण चांगल्या गायिकेला कोकिळा म्हणतो. गाणं त्याचं, क्रेडिट तिला. ऑफिसात नेमकं उलटं होतं, त्यामुळे खरं तर बरं वाटायला हवं. पण थांबा, पुढे बिल फाडायची वेळ आली की तेही तिच्याच नावावर फाटतं.

माझी एक कॉलेजमैत्रीण हिंजवडीला आयटीत आहे. सासर सारोळ्याचं. सातारा हायवेने कधी महाबळेश्वरला गेला असाल तर तुम्ही सारोळ्यातून गेला आहात, फक्त लक्षात नसेल. भोर तालुक्यातलं हे गाव, पुढे नीरा नदी, पूल ओलांडला की सातारा जिल्हा. २०१७ च्या कायद्यातल्या बदलाने बाळंतपणाची पगारी सुट्टी २६ आठवड्यांची झाली, ती तिने पूर्ण घेतली. नंतर काय? पुण्यातल्या पाळणाघरांचे दर ऐकून दोघांनी हिशोब मांडला आणि सासूबाईच म्हणाल्या, "माझ्यापाशी राहू दे." तेव्हापासून बाळ सोमवार ते शुक्रवार सारोळ्याला. शुक्रवारी रात्री हे दोघं नवले पुलाचं ट्रॅफिक आणि खेड शिवापूरचा टोल पार करत गावी पोचतात, आणि सोमवारी अंधारातच परत निघतात.

तर गावातल्या एका बारशात एक बाई तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुझं बरंय बाई. कोकिळेवानी अंडं घालायचं अन् भुर्रर्र!" सगळ्या हसल्या. तीही हसली, म्हणजे तसं दाखवलं. तिचा नवरा शेजारीच भज्यांची प्लेट घेऊन उभा होता. त्याला कुणीही कुठलाही पक्षी म्हटलं नाही.

मी तिथेच होते. आणि तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात बसलंय. कोकिळेने नक्की काय केलंय, आणि कावळा खरंच इतका बावळट आहे का, हे एकदा नीट बघू या म्हटलं.

पहिली गोष्ट, हा टोमणा काही सारोळ्यातल्या बाईंनी शोधलेला नाही. कोकिळेच्या या उद्योगाची आपल्याकडे फार जुनी नोंद आहे. संस्कृतात तिची नावंच बघा ना, परभृत, अन्यपुष्ट; म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. यजुर्वेदात तर 'अन्यवाप' असा शब्द येतो, दुसऱ्याच्या शेतात पेरणी करणारा. आणि कालिदासाच्या 'शाकुंतल'मध्ये पाचव्या अंकात हाच टोमणा थेट राजदरबारात येतो. शकुंतला गरोदर आहे, नवऱ्याकडे आली आहे, आणि दुष्यंत शापामुळे तिला साफ विसरलाय. ती खोटं बोलतेय हे पटवायला तो काय दाखला देतो? की बायका जातीच्याच चलाख, कोकिळासुद्धा पिल्लं उडायला लागेपर्यंत ती दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात. म्हणजे पोराचा बाप स्वतः सगळं विसरून बसलाय, आणि तो बाईला कोकिळेवरून सुनावतोय. आता बोला! गंमत म्हणजे शकुंतला स्वतः मेनकेने सोडून दिलेली, पक्ष्यांनी राखलेली आणि कण्वांनी वाढवलेली. तिचं नावच मुळी शकुंतांवरून, म्हणजे पक्ष्यांवरून पडलेलं.

असो. आता खऱ्या कोकिळेकडे वळू.

कोकीळ कुळातले सगळेच काही असे नसतात. आपला भारद्वाज याच मोठ्या खानदानातला, आणि तो रीतसर घरटं करतो, अंडी उबवतो, पोरं सांभाळतो. पण कोकीळ मात्र घरटं बांधतच नाही. आपल्याकडे त्याचा ठरलेला यजमान म्हणजे कावळा, गावकावळा किंवा डोमकावळा. (बांगलादेशात ढाक्याजवळच्या अभ्यासात तो साळुंकी आणि खाटीक पक्ष्याच्या घरट्यातही सापडलाय.) कावळे उन्हाळ्यात घरटी करायला घेतात आणि कोकिळांचा गळाही नेमका तेव्हाच मोकळा होतो, हा योगायोग नाही. तुमच्या खिडकीबाहेरची पहाटेची मैफल ही या सगळ्या ऑपरेशनची सुरुवात असते.

लहानपणी आपण ऐकलेली गोष्ट अशी की नर मुद्दाम कावळ्याला चिडवतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी जाऊन अंडं घालते. जोडीने टाकलेला दरोडा. असं होतं, पक्षी निरीक्षकांनी पाहिलेलं आहे. पण जास्त वेळा मादी एकटीच जाते. कावळ्याची नजर चुकवून आत शिरायचं, कधी त्याचं एखादं अंडं उचलायचं, काही मिनिटांत आपलं घालायचं आणि सटकायचं. सापडली तर कावळे कसे तुटून पडतात हे कुणाला सांगायला नको. 'अंडं घालायचं अन् भुर्र' एवढं सोपं ते नाही.

आणि ती अगदी पाठ फिरवून निघून जाते हेही पूर्ण खरं नाही. कावळ्याच्या घरट्यातल्या पिल्लाला कोकिळा मादी येऊन भरवताना दिसल्याच्या नोंदी आहेत. नर भरवताना दिसल्याच्या मात्र नाहीत. भज्यांची प्लेट आठवली की नाही?

कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच हिरवट-निळसर, त्यावर तपकिरी ठिपके, फक्त जरा लहान. ते १२ ते १४ दिवसांत फुटतं. कावळ्याच्या अंड्याला त्याहून साधारण तीन दिवस जास्त लागतात. म्हणजे पाहुणा घरच्यांच्या आधी जेवायला बसतो. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट. कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांना मारत नाही किंवा घरट्याबाहेर ढकलत नाही. एकाच घरट्यात दोन्ही वाढतात. कावळ्याचं घरटं खोल, अंडी मोठी. ती कडेपर्यंत ढकलत न्यायची म्हणजे त्या एवढ्याशा जिवाचीच दमछाक, वर स्वतःच खाली पडायची भीती. त्यापेक्षा रांगेत बसून खाल्लेलं बरं. याचा अर्थ कावळ्याचं नुकसान होत नाही असा नाही. वाटेकरी वाढला की कुणाच्या तरी वाट्याला कमी येतंच, आणि बहुतेक वेळा ते कावळ्याचं सगळ्यात धाकटं पिल्लू असतं.

मैत्रिणीच्या सासूबाईंना (मी त्यांना काकू म्हणते) हे सगळं पुस्तकाशिवाय माहीत होतं. त्यांच्या अंगणाबाहेर आंबा आहे, त्यावर दरवर्षी कावळ्याचं घरटं असतं. मी विचारलं, "काकू, कावळीला कळत नाही का हो, हे आपलं नाही म्हणून?" त्या बाळाला मांडीवर घेऊन भात भरवत होत्या. म्हणाल्या, "कळत आसंल की. पन त्वांड उघडून समोर बसल्यावर काय करती ती? घालती घास."

काकूंचं हे उत्तर आणि शास्त्रज्ञांचं उत्तर यात फार अंतर नाही, हे मला नंतर वाचताना समजलं. पण त्याआधी कावळ्याच्या अकलेबद्दल बोलायला हवं. आपल्या गोष्टींमध्ये तो शेणाचं घर बांधणारा, पावसात वाहून जाणारा. प्रत्यक्षात पक्ष्यांमधला टॉपर. २००६ मध्ये अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांच्या टीमने आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेचे वाळे घातले आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कॅम्पसवर कुणी फिरलं की कावळे ओरडत अंगावर यायचे. ज्यांना कधी पकडलं नव्हतं असे कावळेसुद्धा! म्हणजे हा पक्षी माणसाचं तोंड वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो आणि घरातलं परकं अंडं मात्र ओळखत नाही?

यामागचा फंडा असा आहे. अंडं बाहेर फेकणं हा निर्णय चुकू शकतो. एकाच कावळीची अंडीसुद्धा तंतोतंत एकसारखी नसतात, ठिपके कमी-जास्त असतात. संशयावरून अंडी फेकायला लागली आणि त्यात एखादं स्वतःचंच गेलं तर? त्यात प्रत्येक घरट्यात कोकिळा येतेच असंही नाही. आणि आली तरी ती सगळा वंश बुडवत नाही, आपली एक-दोन पिल्लं तरी उडतात. तेव्हा रोज सगळ्यांची झडती घेण्यापेक्षा एखादा चोर पचवणं स्वस्त. तुमच्या कंपनीचं एक्स्पेन्स डिपार्टमेंट या बाबतीत कावळ्याकडून शिकलं तर बरं होईल, पण तो वेगळा कॉलम.

मग कावळा काहीच करत नाही का? करतो ना! त्याची सगळी सिक्युरिटी गेटवर आहे. घरट्याच्या आसपास कोकीळ दिसला रे दिसला की पाठलाग. एकदा अंडं आत पडलं की मात्र चौकशी बंद. आपल्या सोसायटीसारखंच: गेटवर वहीत नाव, नंबर, सही सगळं घेतात, आत गेल्यावर तुम्ही कुणाच्या घरी बसलाय ते कुणी विचारत नाही.

सगळ्या यजमान पक्ष्यांनी गेटवरच भिंत बांधलेली नाही, आणि मला तर यातच खरी मजा आली. कोण अंड्यावर अडवतं, कोण पिल्लावर.

अंड्यावर अडवणाऱ्यात सॉलिड कोण असेल तर आफ्रिकेतला कोतवाल. आपल्याकडे विजेच्या तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल बसलेला असतो ना, त्याचा नातेवाईक. तिथली कोकिळा त्याच्या अंड्यांची हुबेहूब नक्कल करते. म्हणून प्रत्येक कोतवालीण आपली अंडी वेगळ्याच डिझाइनची घालते, सहीसारखी. झांबियात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं निघालं की नक्कल इतकी उत्तम असूनही ही मंडळी जवळपास ९४ टक्के परकी अंडी ओळखून काढतील. सही मॅच झाली नाही, चेक परत!

ऑस्ट्रेलियात फेरीरेन नावाचा चिमुकला निळा पक्षी त्याहून पुढे गेलाय. त्याची मादी अंडी उबवताना अंड्यांशी बोलते. २०१२ साली ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की या बोलण्यात एक खास सूर असतो आणि पिल्लं बाहेर आल्यावर अन्न मागताना तोच सूर काढतात. थोडक्यात, पासवर्ड. आई तो बापालाही शिकवते. कोकिळेचं अंडं लवकर फुटतं, त्यामुळे आतल्या पिल्लाला तो शिकायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. चुकीचा पासवर्ड ऐकला की आईबाप घरटं सोडून जाण्याची शक्यता वाढते. कोकिळेचा लवकर बाहेर येण्याचा जो फायदा, तोच इथे तिच्यावर उलटतो.

आणि काहीच न अडवणारेही आहेत. युरोपातला बोरूवटवट्या हा एवढासा पक्षी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या कोकिळेच्या पिल्लाला भरवत बसतो. त्याला ते दिसत नाही का? केंब्रिजचे निक डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचं उत्तर आवाजात शोधलं. ते एकटं पिल्लू ओरडतं तेव्हा घरटंभर पिल्लं ओरडल्यासारखं वाटतं. डोळ्याला एक दिसतं, कानाला पूर्ण वर्ग. काकू म्हणाल्या तेच, तोंड उघडून समोर बसल्यावर काय करणार?

या युरोपियन कोकिळेचं पिल्लू मात्र आपल्यासारखं रांगेत बसणारं नाही. डोळेही उघडलेले नसताना ते यजमानाची अंडी आणि पिल्लं पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. ही गोष्ट नीट पाहून लिहिली एडवर्ड जेन्नरने, १७८८ मध्ये. हो, तोच देवीच्या लशीवाला जेन्नर, लस नंतरची. त्याने लिहिलं की पिल्लाच्या पाठीवर खास खळगा असतो आणि सुमारे बाराव्या दिवसापर्यंत तो भरून जातो. त्याआधी घरट्याखाली पडलेल्या पिल्लांचा आळ कुणावर यायचा? मोठ्यांवर, अर्थात! आणि जेन्नरने सांगूनही पुढे कित्येक वर्षं लोकांना ते पटलं नाही.

पाठीवर लोटण्याचा हा प्रकार आपल्याकडेही आहे, आणि त्यासाठी सारोळ्याच्या शिवाराबाहेर जायलाही नको. पावसाच्या आधी जो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागतो तो पावशा. इतका लोकप्रिय, पण त्याचा धंदा हाच. दिसतो अगदी शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, फांदीवर बसल्यावर शेपटीही तशीच हलवतो. छोटे पक्षी घाबरून गलका करतात. त्याची अंडी जातात सातभाईंच्या घरट्यात. (इंग्रजीत यांनाच सात बहिणी म्हणतात. आपण भाऊ केले. चालू द्या.) सातभाईंची अंडी सुंदर निळी, पावशाचीही तशीच. मॅचिंग एकदम परफेक्ट. त्यात सातभाई एकत्र कुटुंबवाले. एका घरट्यातल्या पिल्लांना आईबापाबरोबर टोळीतले काका-आत्याही भरवतात. म्हणजे पावशाच्या पिल्लाला एक आया नाही, अख्खा स्टाफ मिळतो.

बिचाऱ्या सातभाईंचं एवढ्यावर भागत नाही. मान्सूनबरोबर आफ्रिकेहून चातक येतो. चोच वर करून पावसाच्या थेंबाची वाट बघणारा, विरहाच्या कवितांचा हिरो. तोही सातभाईंच्याच घरट्यात अंडी टाकतो, अक्षरशः टाकतो. मादी घरट्याच्या काठावरूनच घाईघाईत अंडं सोडते, त्यात यजमानाचं एखादं फुटतं. चातकाचं पिल्लू कुणाला ढकलत नाही, पण जेवणाच्या स्पर्धेत घरची पिल्लं क्वचितच टिकतात. एवढं असून चातकाला कवींनी कधी दगाबाज म्हटलं नाही, आणि पावशाला शेतकऱ्यांनी मित्रच मानलंय. टोमण्यासाठी मात्र सगळ्यांना कोकिळाच सापडते. पिल्लांना न मारणारी, वर येऊन एखादा घास भरवणारी! मला विचाराल तर ही निव्वळ पीआरची गडबड आहे.

चातकाच्या जवळच्या भाऊबंदांबद्दल स्पेनमध्ये एक भन्नाट गोष्ट सापडली. तिथे त्याच्याच वंशातला एक ठिपकेदार पक्षी कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालतो. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार त्या पाहुण्या पिल्लाला पकडलं की ते अत्यंत घाण वासाचा द्राव सोडतं, आणि मांजरं वगैरे शत्रू त्यापासून लांब राहतात. त्यामुळे जिथे शत्रूंचा सुळसुळाट असतो तिथे पाहुणा असलेली घरटी वाचण्याची शक्यता जास्त. फुकट जेवणारा भाडेकरू रात्री वॉचमनचंही काम करतो म्हणा ना. २०१७ मध्ये दुसऱ्या स्पॅनिश गटाने आपल्या भागातली आकडेवारी मांडून याला हरकत घेतली, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही.

म्हणून कोकिळा चांगली आणि कावळा महान, असं काही मला म्हणायचं नाहीये. पक्ष्यांना आपण आपल्या भांडणात ओढतो तेव्हा नेहमी सोयीचा तेवढाच तुकडा उचलतो. तसं असेल तर सातभाईंचा का नाही उचलत? तिथे काका, आत्या, मोठी भावंडं सगळे मिळून पोर वाढवतात आणि आईला कुणी काही बोलत नाही. मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे त्या बाईंना व्हॉट्सअॅपवर पाठवू का?" मी म्हटलं, जरूर पाठव. तिने अजून पाठवलेलं नाही. बाळ तिथे राहतंय, गावात संबंध ठेवावे लागतात.

बाय द वे, हा सगळा मामला प्रत्यक्ष बघायचा असेल तर जून-जुलै उत्तम. त्यासाठी भोरला जायलाच हवं असं नाही, ऑफिसच्या पार्किंगमधलं झाडही चालेल. कावळ्याच्या मागे मागे फिरणारं, पंख थरथरवत सतत खायला मागणारं, पण कावळ्यासारखं न दिसणारं एखादं पिल्लू दिसलं की समजा तेच. लांबूनच बघा. घरट्याच्या झाडाखाली फोन वर करून उभे राहिलात तर कावळ्याचं गेटवरचं खातं तुमचीही दखल घेईल, आणि टपली डोक्यात जोरात बसते. काकू अंगणात जाताना डोक्यावर पदर घेऊन वर एक टोपली धरतात. तुमच्याकडे हेल्मेट असेलच.